डोंगर तुमचा, पण महिन्याला ६० टन कुठनं आणणार?

पत्र थोडक्यात: कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या घाटाकडच्या एका गावातनं पत्र आलंय. लिहिणारे ३८ वर्षांचे, स्वतःचा ट्रॅक्टर आहे, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. वडील वारल्यावर थोडी भातशेती, दोन एकर काजू आणि वरच्या अंगाचा १४ एकर डोंगर असं सगळं दोघा भावांकडं आलं, दोघी बहिणी लग्न होऊन गेल्यात. आता एक सप्लायर गाठ पडलाय, तो फॅक्टऱ्यांच्या बॉयलरला आणि पेलेट, म्हणजे भुसा दाबून जळणाच्या गोळ्या करणाऱ्या प्लांटला लाकूड पुरवतो. त्याला महिन्याला ६० टन जळाऊ लाकूड पाहिजे, तीन वर्षांचा करार, दोन लाख अॅडव्हान्स, माल कमी पडला तर दंड. डोंगरावरनं होईल तेवढं तोडायचं आणि बाकीचं आसपासच्या रानातलं वाळकं-पडकं गावातल्या लोकांकडनं गोळा करायचं, असं तो तोंडी म्हणालाय. धाकट्या भावाला लगेच सही करायचीय, आई म्हणते डोंगराला हात लावला तर मी जेवायची नाही. शेवटी त्यांचंच वाक्य देते: "ताई, रानात लाकूड कुजूनच जातंय की, ते विकलं तर काय पाप आहे? आणि कोळशापेक्षा ही ग्रीन एनर्जी म्हणतात. मी नाही दिलं तर दुसरा कोणतरी देणारच, मग मी का मागं राहू?"

भाऊ, पत्र वाचून झाल्यावर मी आधी कागद-पेन घेतलं. पापाचं आणि ग्रीन एनर्जीचं मागनं बघू, आधी टनाचं बघू, कारण तुमच्या पत्रात दर आहे, अॅडव्हान्स आहे, दंड आहे, आईचं आणि भावाचं भांडण आहे, पण डोंगर वर्षाला किती वाढतोय ते कुठंच नाही.

महिन्याला ६० टन म्हणजे वर्षाला ७२० टन. मुद्दाम लावलेली, निगा राखलेली सुबाभूळ-निलगिरी असली आणि जमीन चांगली असली तर एकरी वर्षाला चारेक टन लाकूड धरून चाला, म्हणजे ७२० टनाला १८० एकर लागवड पाहिजे. तुमच्याकडं १४ एकर, आणि तीही लागवड कुठं, ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, मध्येच हिरडा असं आपोआप आलेलं रान असणार. असलं रान सावकाश वाढतं, एकरी एखादा टन म्हटलं तरी मी हात सैल सोडून बोलतेय. म्हणजे डोंगर आहे तसा ठेवून वर्षाकाठी निघणार १४ टन. सप्लायरचा एक आठवडा!

तो म्हणेल वाढीचं कशाला बघताय, उभं आहे ते घाला की खाली. बरं, तेही बघू. चांगलं दाट रान असलं तर एकरी ३०-४० टन लाकूड उभं असेल असा मोठ्या मनानं अंदाज धरा, तरी १४ एकराचे पाचशे टनाच्या आसपासच होतात. आठ-नऊ महिन्यांत डोंगर बोडका, आणि करार ३६ महिन्यांचा. पुढचा माल कुठनं येणार? हे गणित त्या सप्लायरलाही येतंय बरं का, त्याचा धंदाच आहे तो. म्हणून तर दंड कागदावर आहे आणि "आसपासचं रान" तोंडी आहे. उद्या कुठं गाडी अडवली तर ट्रॅक्टर तुमचा, ड्रायव्हर तुमच्या गावचा आणि करारावर सही तुमची, त्याचं नाव कुठंच यायचं नाही.

आता ते आसपासचं रान कोणाचं ते बघू. तुमच्या त्या पट्ट्यात, जांबोटी-कणकुंबी-हेमाडगा कुठलीही बाजू घ्या, गावाची शिव संपली की बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह फॉरेस्ट लागतंय. त्यात २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे, १९० चौरस किलोमीटरचं. अभयारण्यातलं वाळलेलं, मेलेलं, वाऱ्यानं पडलेलं झाडसुद्धा बाहेर काढायचं नाही असा सुप्रीम कोर्टाचा आदेश फेब्रुवारी २००० पासून आहे, म्हणजे तुमचा "वाळकंच तर आहे" हा मुद्दा तिथं एक मिनिटसुद्धा टिकत नाही. साध्या रिझर्व्ह फॉरेस्टमध्येही तोड व्हायची तर वनखात्याच्या वर्किंग प्लॅनप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या आखणीप्रमाणे, होते आणि माल सरकारी डेपोत जाऊन लिलाव होतो, तिथनं घेतलेल्या लाकडाला पावती असते. आणि गावाजवळची, उताऱ्यावर फॉरेस्टचं नाव नसलेली झाडीसुद्धा मोकळी असेलच असं समजू नका, १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं जंगल म्हणजे जे जंगलासारखं आहे तेही, असं धरलंय आणि त्यातनंच आपल्याकडं डीम्ड फॉरेस्टच्या याद्या आल्या. आपला सर्व्हे नंबर तसल्या यादीत आहे का हे गावातल्या अर्ध्या लोकांना माहीत नसतंय.

कायदा बाजूला ठेवा, "कुजून जातंय" हेच मला पटत नाही. कुजणं हे तिथलं काम आहे. तुमच्याकडच्या पावसात पडलेला ओंडका काही वर्षांत हातानं चुरतो, त्याच्यावर अळंबी येते, खाली वाळवी, बेडूक, आणि तीच माती पुढं पावसाचं पाणी धरून ठेवते. मलप्रभा कणकुंबीला उगवते, तिचं पाणी पार नवीलुतीर्थच्या धरणात जाऊन हुबळी-धारवाडच्या नळाला येतंय, ते काय नुसत्या दगडातनं येतंय होय. आणि जे झाड तुम्हाला पोकळ, किडकं, जळणाशिवाय कामाचं नाही असं वाटतं ना, धनेश पक्षी घरटं करतो ते असल्याच झाडाच्या ढोलीत. मादी स्वतःला आत लिंपून घेते, नर बाहेरनं फटीतनं फळं भरवत राहतो. सरळसोट तरण्या झाडाला ढोली नसते. जळणाचा ठेकेदार आधी नेमकी म्हातारी झाडं दाखवतो, कारण त्याबद्दल कोण बोलत नाही.

अजून एक. तुमच्या गावात मोळी आणणाऱ्या बायका आहेत ना? गॅस घरोघरी आला, उज्ज्वला २०१६ ला चालू झाली, पण सिलिंडर संपला की परत भरायला पैसे लागतात आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतंय. तुम्ही वाळक्या फाट्यांना किलोमागं दर लावलात की पहिल्या महिन्यात त्या बायका खूश होतील, चार पैसे हातात येतील. पण गावाजवळचं वाळकं संपायला वेळ लागत नाही, मग त्यांना तासभर जास्त आत जावं लागणार आणि वाळकं मिळेना झालं की कोयता ओल्या फांदीवर पडणार. फॉरेस्टवाल्यांनी धरलं तर त्यांनाच धरणार. हे सगळं तुमच्या गोळा करण्यातनं होणार, म्हणून लिहितेय.

बरं, स्वतःच्या मालकी रानाचं काय? तिथं तुमचा हक्क आहेच, पण कुऱ्हाड घातली आणि ट्रॉली भरली असं होत नाही. कर्नाटकात १९७६ चा झाडं राखायचा कायदा आहे, त्याप्रमाणे ऐन-किंजळ-जांभूळ असल्या झाडांना आधी परवानगी लागते, झाडं मोजून शिक्का मारतात, बदल्यात नवीन लावायची अटही घालतात. साग, शिसम, चंदन म्हटलं की वेगळीच कटकट. त्या कायद्यात सुरूचं झाड, सुबाभूळ, गिरिपुष्प, सिल्व्हर ओक असल्या लावायच्या झाडांना तोडायच्या परवानगीतनं सूट आहे, तरी वाहतुकीचं काय लागतं ते आरएफओच्या, म्हणजे रेंज फॉरेस्ट ऑफिसरच्या ऑफिसात लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर गाडी भरू नका. आणि माल चंदगड, कागल, इचलकरंजीकडं जाणार असेल तर दोन राज्यांचा प्रश्न, वाहतुकीचा पास बरोबर नसला की नाक्यावर गाडी थांबलीच. विनापास जंगलाचा माल सापडला तर गाडीसुद्धा जप्त होते, बँकेचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

आता पैशाचं, कारण तुम्ही दर लिहिलाय आणि तो "बरा वाटला" असंही लिहिलंय. दर ओल्याचा की सुक्याचा? हे विचारलंच नाही तुम्ही. ताज्या तोडलेल्या लाकडात साधारण निम्मं वजन पाण्याचं असतंय. नीट वाळलेल्या, वीसेक टक्के ओल राहिलेल्या लाकडात किलोमागं ३,५०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते, तेच ओल्यात जेमतेम २,०००, कारण आधी ते पाणी उकळून घालवण्यातच जाळ खर्ची पडतो. बॉयलरवाल्यांना हे पाठ असतंय. ट्रॉली काट्यावर चढली की सुपरवायझर येतो, एका ओंडक्याचं टोक कुऱ्हाडीनं उडवतो, आतल्या पांढऱ्या भागावर तळवा दाबून बघतो, काही ठिकाणी सुया टोचायचं छोटं मीटर लावतात, आणि मग "ओल जास्त आहे" म्हणून वजनातनं कापतात. किती कापायचं हे तो ठरवतो. तुम्ही चाळीस किलोमीटर डिझेल जाळून आलेला असता, माल परत नेणं परवडत नाही, मान हलवता. घरीच बघा करून, किराणा दुकानाच्या काट्यावर ताज्या लाकडाची एक किलोची ढलपी वजन करा, पत्र्यावर उन्हात पंधरा दिवस टाका आणि परत वजन करा, मग त्या दराला काय अर्थ राहतो ते कळेल. आणि जूनपासून चार महिने तुमच्याकडं लाकूड वाळत तर नाहीच, ट्रॉलीसुद्धा वर चढत नाही. करारात पावसाळा आहे का कुठं?

शिवाय जळणाचा दर हा लाकडाचा सगळ्यात तळातला दर. त्याच झाडाचा सरळ बुंधा इमारतीला गेला तर वेगळा, लागवडीचं लाकूड दांडेलीच्या पेपर मिलसारख्या ठिकाणी गेलं तर वेगळा. सगळं एकाच काट्यावर टनानं घालायचं म्हणजे घेणाऱ्याची चांदी.

ग्रीन एनर्जीवर थोडं बोलते, कारण हा शब्द आता कोणीही कुठंही लावतंय. लाकूड जाळणं वाईटच असं माझं म्हणणं नाही. स्वीडन, फिनलंडमध्ये गावंच्या गावं लाकडाच्या उष्णतेवर गरम होतात, पण तिथं बुंधा आधी सॉ मिलला जातो आणि भट्टीत येतो तो भुसा, साली, विरळणीच्या फांद्या, आणि जंगल किती वाढलं, किती तोडलं याचा हिशोब ठेवलेला असतो. आपल्याकडं केंद्राचं २०२१ चं धोरण आहे, थर्मल पॉवर प्लांटमध्ये कोळशाबरोबर पाच-सात टक्के बायोमास, म्हणजे झाडापिकांचा जळाऊ माल, जाळायचं, तुमचा सप्लायर बहुतेक त्याच्याकडंच बोट दाखवत असणार. पण ते आलं शेतातल्या कचऱ्यासाठी, उत्तरेकडं पराली, म्हणजे भाताचं काड, पेटवतात त्या धुरावर उपाय म्हणून. पाचट, पराली, तुराट्या नाहीतरी शेतात जळणारच होत्या, त्याचे पेलेट केले तर फायदा आहे. ऐनाचं साठ वर्षांचं झाड मात्र बॉयलरमध्ये अर्ध्या दिवसात संपतं आणि त्याच जागी तेवढं परत व्हायला तुमच्या नातवाची वाट बघावी लागते. तोपर्यंत हवेत गेलेला कार्बन तिथंच असतो, मग ते कोळशापेक्षा बरं कसं म्हणायचं? लाकडावर विजेचा छोटा प्लांट चालवायचा म्हटला, एकच मेगावॅटचा, तरी दिवसाला तीसेक टन लाकूड लागतंय. एक मेगावॅट म्हणजे काहीच नाही हो, आणि त्याला तुमचा अख्खा डोंगर तीन आठवडे सुद्धा पुरत नाही.

"मी नाही दिलं तर दुसरा देईल" याला माझ्याकडं फार उत्तर नाही. देईलही. मग ट्रॅक्टर त्याचा अडकू दे.

पण नुसतं नको म्हणून हप्ते फिटत नाहीत हे मलाही कळतंय. तुमच्याकडं खरं भांडवल डोंगर नव्हेच, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि तुमची ओळखपाळख आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड या भागात काजूचे कारखाने आहेत, टरफल निघतंय, ते लाकडापेक्षा जास्त जाळ देतं. धूर मात्र उग्र असतो त्याचा, घरच्या चुलीत घालू नका, बॉयलरलाच जाऊ दे. भाताच्या गिरण्यांत तूस पडलेलं असतंय, सॉ मिलला भुसा, तालुक्याच्या खालच्या अंगाला उसाचं पाचट, जे लोक पेटवून देतात. ब्रिकेटवाल्यांना, म्हणजे भुसा-तूस दाबून जळणाच्या विटा, ज्याला व्हाइट कोल म्हणतात, त्या करणाऱ्यांना, हा माल पाहिजे असतो आणि गोळा करून आणणारा माणूस मिळत नाही. त्याच सप्लायरला विचारून बघा, लाकडाच्या ऐवजी तूस-टरफल-भुसा आणून देतो, घेणार का? भुशाला मिलची पावती मात्र घ्या प्रत्येक वेळी. तो सरळ नाही म्हणाला तर त्याला ग्रीन एनर्जीचं किती पडलंय तेही कळेल.

लाकूडच विकायचं असेल तर आपल्या काजूतनं सुरू करा. दोन एकर बागेची सुगी संपल्यावर छाटणी नीट केली तर फांद्या निघतात, बाग सुधारते, वर उत्पन्नही वाढतं. भाताच्या बांधावर गिरिपुष्प लावा, काही जण उंदीरमारी म्हणतात तेच, पावसाच्या तोंडाला फांदी खोचली की लागतं, पाला शेतात खत म्हणून जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून काठ्या जळणाला मिळतात, कितीही वेळा छाटा परत फुटतं. निलगिरीच्या नादाला लागू नका, कर्नाटकात २०१७ ला नवीन लावायला बंदी घातली होती आणि तुमच्या झऱ्याच्या वर तर मी बंदी नसती तरी लावू दिली नसती. आणि जे काही लाकूड निघेल ते फोडून, जमिनीपासून वीतभर उंच, वरनं पत्रा आणि बाजूनं वारा असं चार-सहा महिने रचून ठेवा. सुकं, फोडलेलं, हातभर मापाचं जळण बेकरीवाले, हॉटेलवाले, लग्नाचे आचारी रोखीनं नेतात, आणि तिथं दर टनाच्या करारापेक्षा चांगला पडतो. माल थोडाच असेल, १०-१५ टन, पण तो खरोखर तुमचा असेल.

एवढं सगळं सांगूनही करार करायचाच झाला तर काही गोष्टी सोडू नका. टन पक्के लिहायचे नाहीत, "उपलब्धतेप्रमाणे" लिहायचं. दंडाचं कलम काढायचं. जून ते सप्टेंबर सप्लाय बंद. दर सुक्या मालाचा, ओल कशी मोजणार आणि किती टक्क्याला किती कापणार ते आधी कागदावर. माल कुठल्या सर्व्हे नंबरातला हे लिहायचं, म्हणजे बाहेरचा आणायचा विषयच येत नाही. पास काढायची जबाबदारी कोणाची, पैसे किती दिवसात, हेही. आणि कागद इंग्लिश किंवा कन्नडमध्ये असेल तर सही करायच्या आधी कोणाकडनं तरी मराठीत वाचून घ्या, लाजू नका, आपल्याकडं कितीतरी लोक न कळलेल्या कागदावर सही करून बसलेत.

आता घरातलं. तुम्ही "दोघा भावांकडं आलं" लिहिलंय, पण उताऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत? २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचा वाटा भावाइतकाच आहे, लग्न होऊन गेल्या म्हणून जात नाही. आई आहे, दोन बहिणी आहेत, त्यांच्या सहीशिवाय डोंगराचा करार केलात तर फॉरेस्टवाल्यांच्या आधी कोर्टाचा कागद घरी येईल, आणि तो सख्ख्या भाचरांकडनं आलेला जास्त लागतो. त्यांना फोन करा, भांडणात बाजू घ्यायला नको, नुसतं सांगा की असं असं चाललंय.

आईला तुम्ही पत्रात "अडाणी हट्ट" म्हणालाय, ते मला आवडलं नाही. त्यांना एकदा बरोबर घेऊन डोंगरावर जा आणि विचारा, कुठल्या झाडाखालनं झरा येतो, कुठला भाग कधीच तोडला नाही आणि का, वाळकं कुठनं घ्यायचं हे त्या आणि तुमचे वडील कसं ठरवायचे. मला वाटतं त्यांच्याकडं हिशोब आहे, फक्त टनात नाही. धाकट्याला मात्र टनातच सांगा. हे वरचं ७२० आणि १८० एकराचं गणित त्याच्याच हातानं कागदावर मांडायला लावा, तुम्ही मांडलंत तर तो म्हणणार दादानं आईचं ऐकलं.

राहिला अॅडव्हान्स. घेतला नसाल तर घेऊ नका, सगळ्यांच्या सह्या आणि आरएफओचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय अजिबात नको. आणि धाकट्यानं तुम्हाला न सांगता आधीच घेतला असेल, पत्रातल्या एका वाक्यावरनं मला तसा संशय आलाय, तर भांडत बसू नका, या आठवड्यातच रक्कम चेकनं नाहीतर बँकेतनं परत करा, रोख देऊ नका, आणि "करार झालेला नाही, रक्कम परत मिळाली" अशी पोच त्याच्या सहीनं घेऊन फाइलला लावा.